खालचा सूर

लंबूची बदली झाली, त्यानंतरचे दोन रविवार तालमीत कुणाचंच लक्ष लागलं नाही. तिसऱ्या रविवारी वहिनी हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, तुमच्या गाण्यातलं काहीतरी गेलंय."

तालीम त्यांच्याच घरी, पुढच्या खोलीत व्हायची. बँड म्हणजे घरचाच मामला होता. वहिनींचे यजमान ड्रम वाजवायचे, धाकटा दीर गिटार वाजवायचा आणि जाऊ गायची. बाहेरचा असा एकटा लंबूच. चार जाड तारांची ती लांब मानेची बेस गिटार घेऊन तो खिडकीशी उभा राहायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जाताना गिटार इथेच ठेवून गेला. तिकडे एका खोलीत तिघं राहणार होते, तिला जागा नव्हती.

"काय गेलंय?" यजमानांनी विचारलं.

"ते मला काय माहीत? पण फ्रिज बंद पडला की कसं होतं? चालू असताना तो ऐकूच येत नाही. बंद पडला की घर एकदम रिकामं वाटतं. तसं झालंय."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "बेस," धाकटा म्हणाला. "वहिनी, बेस गेलाय."

बावीस वर्षं वहिनी या बँडचा गोंगाट ऐकत स्वयंपाक करत आल्या होत्या, आणि बेस म्हणजे काय ते त्यांना आज कळत होतं. तेही तो नव्हता म्हणून.

"एवढं कळतंय तर तुम्हीच घ्या की हातात!" धाकटा म्हणाला. सगळे हसले. जाऊ तर डोळे पुसेपर्यंत हसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. कोपऱ्यात भिंतीला टेकवलेल्या त्या गिटारकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि आत गेल्या. दुपारी सगळे पांगल्यावर त्यांनी स्पीकर चालू केला, ती उचलून मांडीवर घेतली आणि सगळ्यात जाड तार अंगठ्याने ओढली. सूर कानात नाही आला, आधी पोटात आला. मग टेबलावरच्या भांड्यातला चमचा किणकिणला.

वहिनी तेव्हा एकोणपन्नास वर्षांच्या होत्या.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने होती. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांचं बोलणं टाइप करत होत्या. डॉक्टर रुग्णाला तपासायचे, यंत्रात बोलायचे, आणि तळमजल्यावरच्या खोलीत बसून वहिनी ते कानाला लावून कागदावर उतरवायच्या. पायाखाली एक पेडल असायचं. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. पुन्हा दाबलं की दोन सेकंद मागून सुरू. या कामाने त्यांचे कान असे तयार झाले होते, की कुठल्या डॉक्टरला सर्दी झालीये, कोण तोंडात घास ठेवून बोलतोय, कोण जिना चढून आलाय, हे त्यांना पहिल्या वाक्यातच समजायचं. कामाचा एक नियम होता आणि तो त्यांच्या हाडीमांसी खिळला होता: अंदाजाने लिहायचं नाही. डोस पंधरा की पन्नास हे कळलं नाही, तर जागा मोकळी सोडायची, 'अस्पष्ट' असं लिहायचं आणि शेजारी वेळ टाकायची. चुकीच्या शब्दापेक्षा मोकळी जागा बरी.

चार महिन्यांनी गावातल्या दुरुस्त झालेल्या सभागृहात बँडचा कार्यक्रम होता. गाणी बारा. वहिनींनी एक जुनं पेडल घरच्या कॉम्प्युटरला जोडलं, गाण्यांची रेकॉर्डिंगं त्यात घातली आणि कामाला लागल्या. वाद्यं दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री बाजारामागच्या गल्लीत बसायचे. त्यांनी गिटारच्या तारा बदलून दिल्या आणि कागदावर चार आडव्या रेघा ओढून दाखवल्या. "या चार तारा. मानेवर या पितळी आडव्या काड्या आहेत ना, ते पडदे. कितव्या पडद्यावर बोट ठेवायचं तो आकडा त्या तारेच्या रेघेवर लिहायचा. बस्स, एवढंच आहे."

"एवढंच?"

"लिहिण्यापुरतं एवढंच." मिस्त्री हसले.

पहिल्या गाण्याला अठरा दिवस लागले. वहिनी गाणं निम्म्या वेगाने लावायच्या, मग सगळे सूर एक सप्तक वर चढवायच्या, म्हणजे बेस तळातून उठून हाताशी यायचा. ड्रमचा दणका आणि बेसचा सूर एकमेकांत असे मिसळलेले असायचे, की आधी ते सोडवावे लागायचे, दोन रंगांचे दोरे गुंतावेत तसे. चार सेकंद ऐकायचं, थांबायचं, गिटारवर तो सूर शोधायचा, आकडा लिहायचा. पुन्हा दोन सेकंद मागे. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. हॉस्पिटलात की-बोर्ड दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "या वयात हे कुठलं खूळ काढलंस?"

त्याचं उत्तर वहिनींना पुढच्या महिन्यात मिळालं. किराणा दुकानात रांगेत उभ्या होत्या, रेडिओवर कुठलंतरी गाणं लागलं होतं, शंभरदा ऐकलेलं. आणि एकाएकी त्यांना त्याच्या खालचा बेस ऐकू आला. गाणाऱ्याचा शब्द संपायच्या आत तो पुढच्या सुरावर जाऊन उभा राहत होता, दार उघडून धरावं तसा. वहिनी पिशवी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मागच्या माणसाने दोनदा "चला" म्हटलं. त्या दिवसापासून दवाखान्याच्या लिफ्टमध्ये, शेजारच्यांच्या टीव्हीत, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत, सगळीकडे त्यांना बेस ऐकू यायला लागला. अचानक सगळ्या घरांचे पाये दिसायला लागावेत तसं झालं. आणि त्यांच्या मनात आलं, हे सगळं इतकी वर्षं इथेच होतं!

तिसरा महिना संपेपर्यंत अकरा गाणी कागदावर उतरली आणि हातात बसली. यजमान तर चाटच पडले. तालमीत ड्रम वाजवता वाजवता मध्येच थांबून ते बायकोकडे बघायचे आणि धाकट्याच्या शिव्या खायचे.

राहिलं बारावं गाणं. ते चाळीसेक वर्षांपूर्वीचं, सगळ्यांच्या ओठांवरचं, संथ चालीचं. त्यात एक जागा होती, गाणं ऐकणारा प्रत्येक जण जिथे नकळत मान डोलवतो. ओळ वर चढायच्या आधी बेस एकदम खाली, अगदी तळाच्या सुरावर जायचा, क्षणभर तिथे राहायचा आणि मग उंच झेप घ्यायचा. गाण्यात असं एकवीस वेळा व्हायचं. "त्या जागेतच सगळा जीव आहे," यजमान म्हणाले. "लंबू ते कधीच नीट वाजवायचा नाही. आपलं अंदाजपंचे मारून न्यायचा."

वहिनींनी ते सूर न् सूर लिहून काढलं. लिहिलेलं बरोबर होतं, कारण गिटारवर एकेक सूर वाजवून पाहिला की रेकॉर्डिंगशी तंतोतंत जुळायचा. पण सलग वाजवायला गेलं की हात अडखळायचा. जिथे शेजारच्या बोटाने सहज घेता येईल असा सूर होता, तिथे रेकॉर्डमधला वाजवणारा भलतीकडेच जायचा. आणि सात ठिकाणी त्यांनी 'अस्पष्ट' लिहून ठेवलं होतं. तिथे सूर नव्हता, पण काहीतरी होतं. खरखर म्हणावी तर खरखर, टिचकी म्हणावी तर टिचकी.

वहिनी मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्रींनी कागद पाहिला, वहिनींचा हात पाहिला आणि बराच वेळ कानशील खाजवलं. "तुम्ही लिहिलंय बरोबर, वाजवताय बरोबर. पण दुसऱ्याची चप्पल घालून चालल्यासारखं दिसतंय, बाई."

"मग चप्पल कुणाची?"

"ते मला कसं कळणार?"

कळलं ते हॉस्पिटलात, एका बुधवारी, जेवणाच्या सुट्टीआधी. हातांची ऑपरेशनं करणारे एक डॉक्टर होते, सावकाश, स्वच्छ बोलणारे. त्यांनी एका सुताराला तपासलं होतं आणि वहिनी नेहमीसारख्या टाइप करत होत्या: "डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मुळापासून नाहीत, इजा वीस वर्षं जुनी. रुग्ण उरलेल्या दोन बोटांनी आणि अंगठ्याने सर्व कामे करतो. बोट लांब करण्याऐवजी तो संपूर्ण हात सरकवतो. ही हालचाल इतकी सफाईदार आहे, की सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही."

वहिनींचा पाय पेडलवरून सुटला.

'बोट लांब करण्याऐवजी तो संपूर्ण हात सरकवतो.' त्यांनी ते वाक्य पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा ऐकलं. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ बाराला वीस कमी दाखवत होतं.

संध्याकाळी घरी आल्या त्या पर्स खाली न ठेवताच औषधांच्या डब्याकडे गेल्या. चिकटपट्टी काढली, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं एकत्र बांधून तळव्याशी चिकटवली आणि गिटार घेऊन बसल्या. आता हातात दोनच बोटं होती. पहिल्या दोन ओळी जमल्या नाहीत. मग हात आपोआप सरकायला लागला. आणि ती जागा आली. वरचा सूर दूर होता, चार बोटांनी तो आवाक्यात असता, दोन बोटांनी नव्हता. तिथे पोचायला हाताला वेळ हवा होता. तो वेळ कुठून आणायचा? वाजवणाऱ्याने तळाची तार मोकळी सोडली होती. मोकळ्या तारेला बोट लागत नाही, ती आपली आपण घुमत राहते. ती घुमतेय तोवर हात मानेवरून सरकत वर जातो. ती खरखर म्हणजे सरकणारी बोटं. ती टिचकी म्हणजे पोचलेलं बोट.

सातपैकी सहा 'अस्पष्ट' एका दमात सुटले.

वहिनींनी हात थांबवला. ज्या जागेवर चाळीस वर्षं लोक माना डोलवत होते, ज्याला त्यांचे यजमान गाण्याचा जीव म्हणत होते, ती जागा म्हणजे एका माणसाचा हात इथून तिथे जात होता. नसलेल्या दोन बोटांची जागा होती ती. कुणीतरी आपल्या अडचणीला सूर लावला होता, तोही असा, की कुणाला अडचण दिसलीच नाही. खोलीत आपल्याशिवाय आणखी कोणीतरी बसलंय, असं त्यांना वाटलं. डॉक्टरांचे श्वास ऐकण्यात आयुष्य गेलं, पण आवाजातून अख्खा हात असा समोर येताना त्यांनी कधी अनुभवला नव्हता.

यजमान अर्धा सोललेला बटाटा घेऊन दारात उभे होते. "तूच वाजवलंस ना आत्ता?"

"हो."

"परत वाजव."

त्यांनी वाजवलं. यजमान भिंतीला टेकून खालीच बसले. मग वहिनींनी त्यांना बांधलेली बोटं दाखवली आणि सगळं सांगितलं. "असेल कोण तो?" ते म्हणाले.

रेकॉर्डच्या वेष्टनावर गायिकेचं नाव होतं, संगीतकाराचं होतं. वाजवणाऱ्यांची नावं तेव्हा कुणी छापत नसे. वहिनी पुन्हा मिस्त्रींकडे गेल्या. मिस्त्री एका निवृत्त रेकॉर्डिस्टला ओळखत होते. ते गाणं जिथे रेकॉर्ड झालं त्याच स्टुडिओत तीस वर्षं आवाजाच्या यंत्रावर बसलेले. फोन लावून दिला. "या शनिवारी," पलीकडून घोगरा आवाज आला. "पण जिना आहे हं, तीन मजले."

रेकॉर्डिस्ट काका मुलीकडे राहत होते. त्यांच्या खोलीत पलंगापेक्षा टेपांच्या खोक्यांना जास्त जागा दिलेली होती. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मालकाने या टेपा फेकायला काढल्या होत्या, काकांनी त्या उचलून आणल्या, आणि मुलीला अजून त्याचा राग होता. त्यांनी वहिनींना चहा दिला, एक मोठी टेप यंत्रावर चढवली आणि म्हणाले, "यात प्रत्येक वाद्य वेगळं आहे. काय ऐकायचंय?"

"फक्त बेस."

काकांनी एकेक बटण खाली ओढलं. गायिका गेली. व्हायोलिनं गेली. ड्रम गेले. खोली शांत झाली आणि त्या शांततेत खुर्ची करकरल्याचा आवाज आला. कुणीतरी हलकेच घसा साफ केला. मग बेस सुरू झाला, एकटा, चाळीस वर्षांत प्रथमच एकटा. वहिनी टेबलाच्या कडेला घट्ट धरून ऐकत होत्या. दोन बोटांची सरसर आता लपलेली नव्हती, हात मानेवरून धावताना जणू दिसत होता. आणि प्रत्येक झेपेच्या आधी अगदी बारीक आवाजात वाजवणारं माणूस गाण्याची ओळ गुणगुणत होतं.

"बाई आहे ही," वहिनी म्हणाल्या.

काकांनी यंत्र थांबवलं.

"हिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं नाहीत," वहिनी पुढे म्हणाल्या.

"तुम्ही ओळखता चिमणीला?"

"नाही."

"मग बोटांचं कुणी सांगितलं?"

"तिनेच," वहिनी म्हणाल्या आणि यंत्राकडे बोट केलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. सावकाश सगळी हकीकत सांगितली. चिमणी हे त्यांनीच ठेवलेलं नाव, कारण गिटार उभी केली तर तिच्यापेक्षा उंच दिसायची. ती पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. एकोणिसाव्या वर्षी कापायच्या यंत्रात बोटं गेली. भावाची साधी गिटार होती घरात, पण तिच्या सहा तारा जवळजवळ, दोन बोटांना जमेनात. बेसच्या तारा चार आणि ऐसपैस, म्हणून ती बेस शिकली. स्टुडिओत यायची ती टेपांची खोकी पोचवायला. एके दिवशी बेसवाला आला नाही, सगळे हातावर हात धरून बसले होते, तर खोक्यांची पोरगी म्हणाली, मी वाजवू का? "आम्ही हसलो," काका म्हणाले. "तीन मिनिटं. मग अकरा वर्षं दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही."

"आहेत अजून?"

"आहे तर! नवीन वर्षाला फोन करते, माझा आवाज ऐकून म्हणते, अजून जिवंत का?"

पुढच्या शनिवारी वहिनी आणि यजमान सकाळच्या बसने निघाले. गिटारला खिडकीची जागा मिळाली, यजमान तीन तास उभे. चिमणी सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांत भाचीबरोबर राहत होती. वय शहात्तर, खरोखरच मूठभर बाई, केस कापसासारखे. आत बोलावताना तिने डावा हात पुढे केला आणि वहिनींनी तो प्रत्यक्ष पाहिला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. इतके दिवस ज्याच्याशी बोलत होत्या तो हात. त्या दारातच त्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

"काय झालं गं हिला?" चिमणीने यजमानांना विचारलं.

यजमानांनी गाण्याचं नाव सांगितलं.

"असेल," चिमणी म्हणाली. "दिवसाला दोन-दोन गाणी व्हायची. मला काय आठवतंय?"

वहिनींनी कागद उलगडले. नऊ पानं, चार रेघांची, पेन्सिलीने लिहिलेली. हा आकडा म्हणजे हा पडदा, ही रेघ म्हणजे ही तार, असं समजावलं. चिमणीला कागदावरचं संगीत कधीच वाचता आलं नव्हतं. ती एकेक पान डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. "हे सगळं मी वाजवलं?"

"एकेक सूर."

"किती दिवस लागले तुला लिहायला?"

"या एका गाण्याला तीन आठवडे, मावशी. शिकणं धरलं तर चार महिने."

"मी ते एका दुपारी वाजवलं आणि साडेपाचची बस पकडली," चिमणी म्हणाली. "तू चार महिने ऐकलंस. आता मला सांग, दोघींत येडी कोण?" आणि ती इतकी मोठ्याने हसली, की खालून सायकलवाल्याने वर पाहिलं.

मग म्हणाली, "वाजव बघू."

वहिनींनी सवयीने पिशवीतून चिकटपट्टी काढली. चिमणी बघत होती. "ते कशाला?"

वहिनी लाजेने लाल झाल्या. "तुमच्यासारखं यावं म्हणून..."

"काढ ते. धडधाकट बोटं आहेत ना तुला? मला असती तर मी काय बांधून ठेवली असती?"

वहिनींनी चारही बोटांनी वाजवलं. बरोबर आलं, एकही सूर चुकला नाही, आणि तरी ती जागा आली तशी गेली, कुणाची मान हलली नाही. चिमणी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "खाली गेलीस की लगेच वर पळतेस. थांब ना तिथे."

"तुम्हाला हात न्यायला वेळ लागायचा म्हणून तुम्ही थांबत होता. मी तर आधीच पोचलेली असते. मी कशासाठी थांबू?"

"हात?" चिमणीने आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो आज प्रथमच दिसतोय. "हात तर मी कुठेही नेला असता. पुढच्या सुरावर नेला असता, मागच्या सुरावर नेला असता. पण गाणारी तिथे श्वास घ्यायची. बाई दम्याची होती, कुणाला सांगायची नाही. काचेपलीकडे मला दिसायचं, ओळ वर जायच्या आधी तिचे खांदे उचलायचे. मग म्हटलं, हिलाही वेळ हवा, मलाही हवा. एकाच ठिकाणी घेऊ. मी खाली जाऊन थांबायचे. तिला कळायचं, आता घाई नाही."

यजमानांच्या हातातला कप बशीपासून वीतभर वर तसाच राहिला होता.

वहिनींनी गाण्याचे सूर मोजले होते, खरखर मोजली होती, हात ओळखला होता. गायिकेच्या श्वासाकडे मात्र त्यांचं लक्षच गेलं नव्हतं, कारण बेस ऐकू यावा म्हणून त्यांनी सगळ्यात आधी तिलाच बारीक केलं होतं. त्यांनी फोनवर गाणं लावलं, पूर्ण, सगळ्या वाद्यांसकट. आणि ऐकलं. एकवीस वेळा तळाची तार घुमली. एकवीस वेळा त्या घुमण्याच्या आडोशाला एका दमेकरी बाईने कुणाला ऐकू जाणार नाही असा श्वास घेतला. दोन बायका, काचेच्या दोन बाजूंना, एकीला बोटं कमी आणि एकीला दम कमी, आणि मधून गाणं चाललं होतं, कुठेही न अडता. वहिनींचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"आणि एक जागा राहिलीये," नाक ओढत त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कडव्यात काहीतरी वाजतं. सूर नाही, हातही नाही. मला कळत नाही."

चिमणीने फोन कानाला लावला. तीनदा ऐकलं. "काय की बाई," म्हणाली. "माझी बांगडी असेल. नाहीतर खुर्ची. राहू दे तसंच."

वहिनींनी कागदावरचं 'अस्पष्ट' तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत त्यांनी बेस वाजवला तो जाऊच्या खांद्यांकडे बघत. जाऊ हे गाणं नेहमी धापा टाकत संपवायची. आज तिने शेवटची ओळ म्हटली आणि आश्चर्याने छातीवर हात ठेवला. "आज मला दमच नाही लागला. चाल हळू केली का भावोजींनी?" यजमानांनी शपथेवर नाही म्हटलं. वहिनींनी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, तेव्हा ती उठून आली आणि वहिनींचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

कार्यक्रम छान झाला. बाराव्या गाण्याला लोकांनी माना डोलवल्या. धाकट्याने माईकवरून सांगितलं, की या गाण्यातला बेस कुणी वाजवला होता ते. चिमणीचं खरं नाव त्याने दोनदा उच्चारलं, आणि टाळ्या वाजल्या. चिमणी आली नव्हती. गुडघ्यामुळे बसवत नाही म्हणाली, आणि आपल्याला आपलंच ऐकायला तीन तास कोण बसमध्ये धक्के खाणार?

पण पंधरा दिवसांनी तिच्या भाचीचा फोन आला. "तुम्ही आमच्या मावशीला काय करून गेलात? रेडिओ बंदच करू देत नाही. जुनं गाणं लागलं की बोट वर करते आणि म्हणते, ही मी. मी लिहून ठेवायला लागलेय. चौतीस झाली. या ना तुम्ही, मला ते सूरबीर कळत नाहीत."

तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार वहिनी त्या सायकलच्या दुकानावर जातात. काकांनी टेपांच्या नकला करून दिल्यात, भाचीने यादी भिंतीला लावलीये, वहिनी चार रेघांचे कागद घेऊन बसतात. चिमणी गिटार मांडीवर आडवी घेते, कारण आता उभी पेलवत नाही, आणि कधी दोन बोटांनी दाखवते, कधी नुसतीच ऐकते. यादी साठाच्या पुढे गेलीये. परवा एक गाणं लागलं, बेस इतका देखणा, की वहिनींनी न विचारताच पेन्सिल उचलली. चिमणी मान तिरपी करून ऐकत राहिली, अगदी शेवटच्या सुरापर्यंत.

"ही मी नाही," ती म्हणाली. "पण मेला काय वाजवतोय बघ! लाव परत."